विंडोजचा जुना युजर उघडत नाही, आउटलुकमधले मेल गेले का?

भाऊ, आधी एवढं करा: तो कॉम्प्युटर कोणालाही फॉरमॅट मारू देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, भर दुपारी लाइन (वीज) गेली, परत आली आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कोरा डेस्कटॉप दिसला. कामावरच्या पोट्ट्याने त्याच नावाचा नवीन युजर बनवला. आता जुन्या फोल्डरवर क्लिक केलं की परवानगी नाही असं येतं, आउटलुक रिकामं आहे, आठ वर्षांच्या ऑर्डरी आणि ड्रॉइंग त्यात अडकलेत. नागपूरच्या बर्डीवरच्या एका दुकानात फॉरमॅटशिवाय इलाज नाही म्हणून सांगितलं.

इलाज आहे. मी नागपुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो आणि उन्हाळ्यात ही तक्रार माझ्याकडे नेमाने येते. कूलर, वेल्डिंग मशीन, सगळं एका फेजवर, मधेच लाइन जाते. नेमकी त्या क्षणी विंडोज तुमच्या खात्याची नोंद लिहीत असलं तर ती नोंद अर्धवट राहते. पुढच्या वेळी ती वाचता आली नाही की विंडोज तुम्हाला तात्पुरत्या खोलीत बसवतं. मेलची फाइल बहुतेक वेळा जिथल्या तिथे असते, तिच्यापर्यंत जायची वाट तेवढी बंद झालेली असते.

नाव तेच असूनही नवीन युजरला जुनं फोल्डर का उघडत नाही, हे एकदा समजून घ्या, मग पुढचं सोपं जाईल. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला ते एक लांबलचक क्रमांक देतं आणि फोल्डरच्या परवानग्या त्या क्रमांकावर लिहिलेल्या असतात. त्याच नावाचं खातं पुन्हा बनवलं तरी क्रमांक नवा मिळतो. घराला पाटी तीच लावली म्हणून सातबारा आपल्या नावावर होत नाही, तसंच. सी ड्राइव्हमधल्या यूजर्स फोल्डरमध्ये बघा, एकसारख्या नावाची दोन फोल्डर दिसतील, एकाच्या शेवटी कॉम्प्युटरचं नाव किंवा काही शून्यं जोडलेली. जुनं कोणतं ते तारखेवरून कळेल.

आता काम. एक रिकामी एक्स्टर्नल डिस्क आणा आणि अ‍ॅडमिन अधिकार असलेल्या खात्यातून आत जा. 'तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये आहात' असा संदेश येत असेल तर त्या खात्यात काहीही सेव्ह करू नका, बाहेर पडताना ते पुसलं जातं. आउटलुक पूर्ण बंद ठेवा. जुन्या फोल्डरवर डबल क्लिक केल्यावर विंडोज विचारेल, कायमची परवानगी हवी का. 'कंटिन्यू' दाबा. फोल्डरच्या वरच्या पट्टीत हिरवी रेघ हळूहळू सरकेल. आठ वर्षांचा पसारा असला की वेळ लागतो. ती अडकल्यासारखी वाटते तेव्हा लोक घाबरून बटण दाबून मशीन बंद करतात. तेवढं करू नका. चहा घेऊन या.

त्यानेही नाही उघडलं तर फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड. वर 'ओनर' लिहिलेलं दिसेल आणि बहुतेक तिथे नावाऐवजी तो लांब क्रमांकच असेल. 'चेंज' दाबून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स गटाचं नाव द्या, खाली आतल्या सगळ्या फोल्डरांना हेच लागू करायची चौकट येते तिच्यावर खूण करा. मालकी मिळाली म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. खिडकी बंद करून पुन्हा उघडा आणि त्याच गटाला पूर्ण परवानगी जोडा. फक्त जुन्या युजरच्या फोल्डरवर हे करा. घाईत कोणीतरी अख्ख्या सी ड्राइव्हवर करतं आणि मग विंडोजच उभं राहत नाही.

एका गोष्टीपाशी मात्र थांबा. फाइलांची नावं हिरव्या अक्षरांत दिसली किंवा त्यांच्यावर छोटं कुलूप दिसलं, तर त्या विंडोजने एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे कुलूपबंद केलेल्या आहेत. त्यांची किल्ली जुन्या खात्याच्या पासवर्डशी बांधलेली असते. अशा वेळी जुन्या खात्याचा पासवर्ड बाहेरून रीसेट करू नका आणि ते खातं डिलीट तर मुळीच करू नका. तसंच डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायचा विचार असेल तर आधी बिटलॉकर, म्हणजे अख्खी डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का पाहा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हातात असल्याशिवाय डिस्क उघडणार नाही.

फोल्डर उघडलं की फाइल शोधायची. व्ह्यूमधून लपलेल्या वस्तू दाखवायला सांगा, कारण अ‍ॅपडेटा फोल्डर लपलेलं असतं. आउटलुक मेल ज्या फाइलमध्ये साठवतं ती पीएसटी. आउटलुक २०१० पासून ही फाइल सहसा डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स'मध्ये बनते. त्याआधीच्या आवृत्त्यांची अ‍ॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, आउटलुक अशा वाटेवर सापडते. वनड्राइव्ह चालू असेल तर डॉक्युमेंट्सच तिकडे हलवलेलं असू शकतं, तेही बघा. नाहीच दिसली तर जुन्या फोल्डरमध्ये उभं राहून सर्चमध्ये स्टार, टिंब, पीएसटी (*.pst) टाका. काहीशे केबीची फाइल हाती लागली तर ती तुमची नाही, नवीन आउटलुकने बनवलेली कोरी असेल. आठ वर्षांच्या ड्रॉइंगची फाइल काही जीबींची निघेल.

सापडली की कॉपी करा. कट नाही, कॉपी. लाइन परत जाऊ शकते आणि मधेच थांबलेल्या कटचा भरवसा नसतो. फक्त पीएसटीवर समाधान मानू नका, अख्खं जुनं युजर फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर घ्या.

यावर मी एवढा जोर देतो त्याला कारण आहे. २००९ साली नागपूरच्या महाल भागातल्या एका निवृत्त शिक्षकांचं मशीन माझ्याकडे आलं होतं. विंडोज एक्सपी, खातं उघडत नव्हतं. मी डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स नीट कॉपी केले, त्यांना दाखवले आणि फॉरमॅट मारला. त्यांचा मेल आउटलुक एक्सप्रेस या जुन्या मेल प्रोग्रॅममध्ये होता. त्याच्या डीबीएक्स फाइली एका लपलेल्या फोल्डरात असतात आणि मी त्या बघितल्याच नाहीत. परदेशी गेलेल्या मुलीची सहा वर्षांची पत्रं होती ती. ते मशीनसमोर बसले, इनबॉक्स उघडला, माउस तसाच धरून राहिले. मला एक शब्द बोलले नाहीत, पैसे मोजून दिले. त्या दिवसापासून विचारल्याशिवाय आणि पूर्ण फोल्डर बाजूला काढल्याशिवाय मी एकही डिस्क पुसलेली नाही.

कॉपी झाली की ती कॉपीच उघडायची, मूळ फाइलला हात लावायचा नाही. क्लासिक आउटलुकमध्ये फाइल, 'ओपन अँड एक्सपोर्ट', 'ओपन आउटलुक डेटा फाइल', आणि कॉपी दाखवा. डाव्या बाजूला जुनी फोल्डरं येतील. फाइल खराब आहे म्हटलं तर ऑफिसच्याच फोल्डरमध्ये स्कॅनपीएसटी नावाचं दुरुस्तीचं साधन असतं, ते त्या कॉपीवर चालवा. एकदा चालवून चुका उरल्या तर पुन्हा चालवा. मेल खात्याचा पासवर्ड नव्याने टाकावा लागेल, जुना त्या जुन्या खात्यातच बंद आहे. वडिलांना आठवतो का, आत्ताच विचारून ठेवा.

पीएसटीऐवजी ओएसटी फाइल सापडली तर गोष्ट वेगळी. ओएसटी ही सर्व्हरवरच्या, म्हणजे मेल देणाऱ्या कंपनीकडच्या मेलची इथली प्रत असते आणि ज्या आउटलुक प्रोफाइलने बनवली तिच्याखेरीज इतर कोणी ती सरळ उघडू शकत नाही. मेल सर्व्हरवर असेल तर नवीन युजरमध्ये खातं जोडा, सगळं आपोआप उतरेल. पण ओएसटी लगेच फेकू नका. आयमॅप खातं (मेल सर्व्हरवर ठेवून इथे प्रत दाखवणारं) असेल तर आउटलुकमध्ये हाताने भरलेले संपर्क आणि कॅलेंडर फक्त इथेच असतात, सर्व्हरवर जात नाहीत. तुमच्या वडिलांनी सप्लायरांचे नंबर त्यातच ठेवले असतील तर त्यासाठी जुनं खातं जिवंत करणंच बरं.

ते बऱ्याचदा होतं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, प्रोफाइललिस्ट नावाची यादी असते, तिथे ते लांब क्रमांक दिसतात. एकच क्रमांक दोनदा आणि त्यातल्या एकाच्या शेवटी 'डॉट बॅक' (.bak) असेल, तर जुनी नोंद ती. आधी ही यादी एक्सपोर्ट करून ठेवा. मग साध्या क्रमांकाला दुसरं काही नाव द्या, दुसऱ्याचं 'डॉट बॅक' काढा, त्यातला फोल्डरचा पत्ता बरोबर आहे का तपासा, 'स्टेट'ची किंमत शून्य करा आणि मशीन रीस्टार्ट करा. जुना डेस्कटॉप जसाच्या तसा दिसला की पहिलं काम आउटलुकमधून सगळं पीएसटीत एक्सपोर्ट करण्याचं. रजिस्ट्रीत हात घालायची सवय नसेल तर हा भाग जाणकाराकडून करून घ्या, पण कॉपी तुमच्या कपाटात ठेवल्यावरच.

आउटलुकऐवजी थंडरबर्ड हा मेलचा दुसरा प्रोग्रॅम असता तर काम सोपं होतं, अ‍ॅपडेटाच्या रोमिंगमधलं अख्खं थंडरबर्ड फोल्डर उचलून नवीन युजरमध्ये त्याच जागी ठेवलं की भागतं.

मेल उघडले की सगळ्यात जुनी ऑर्डर शोधा, तिच्यातलं ड्रॉइंग उघडून बघा. ते उघडलं तरच फाइल शाबूत समजा. आणि त्या कॉम्प्युटरला यूपीएस नसेल तर या आठवड्यात घ्या, असेल तर बॅटरी किती वर्षांची आहे ते बघा. अडलं तर फाइलच्या नावाचं शेवटचं अक्षरजोड (पीएसटी की ओएसटी) आणि साइज इथेच लिहा, पुढचं सांगतो. मेलमधला मजकूर किंवा पासवर्ड मात्र टाकू नका.