ऑलिम्पिकचा कोटा एका मल्लाने मिळवायचा आणि स्पर्धेला दुसऱ्याने जायचे, हे न्याय्य आहे का?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. कोटा मल्लाचा असतो की देशाचा, हा पहिला भाग, आणि निवडलेला मल्ल ऐन वेळी बदलता येतो का, हा दुसरा. कोटा म्हणजे ऑलिम्पिकच्या एका वजनी गटात मल्ल उतरवण्याची जागा. पहिल्याचे उत्तर एका ओळीत संपते: कोटा देशाचा असतो. तो देशाच्या ऑलिम्पिक समितीच्या नावावर जमा होतो आणि त्या वजनी गटात कोणाला उतरवायचे हे देशाने ठरवायचे असते. आपण मात्र 'न्याय्य आहे का' असे विचारले आहे. त्या एका शब्दामुळे मी हे उत्तर लिहायला बसलो, कारण असला न्याय मी अंगावर घेतलेला आहे.

हिशेब आधी सांगतो. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कुस्तीच्या 18 गटांत प्रत्येकी 16 मल्ल, म्हणजे एकूण 288 जागा होत्या. प्रत्येक गटातल्या 5 जागा 2023 च्या बेलग्रेड येथील जागतिक स्पर्धेतून भरल्या गेल्या, चार खंडीय पात्रता स्पर्धांतून प्रत्येकी 2 अशा 8 जागा आल्या, आणि उरलेल्या 3 जागांचा निकाल मे 2024 मध्ये इस्तंबूलच्या शेवटच्या पात्रता स्पर्धेत लागला. आपल्या अंतिम पंघालने बेलग्रेडला 53 किलोत कांस्यपदक जिंकून भारतासाठी पहिली जागा मिळवली. विनेश फोगाट, अंशू मलिक आणि रीतिका हुडा यांनी बिश्केकच्या आशियाई पात्रता स्पर्धेत, तर अमन सेहरावत आणि निशा दहिया यांनी इस्तंबूलला जागा मिळवल्या. दीपक पुनिया आणि सुजीत कलकल हे दोघे पावसाने तुंबलेल्या दुबई विमानतळावर अडकले आणि बिश्केकच्या वजनकाट्यावर वेळेत पोहोचू शकले नाहीत. पात्रतेच्या वाटेवर कुस्तीपेक्षा विमान कधीकधी महत्त्वाचे ठरते ते असे.

कोटा देशाचा, हे तत्त्व मला मान्य आहे. देशाने निवड चाचणी घ्यावी, कोटा मिळवणाऱ्यालाही तीत उतरवावे, यालाही माझी हरकत नाही. अट एकच आहे: ती चाचणी कधी आणि कोणाकोणात होणार, हे कोटा मिळण्याच्या आधी जाहीर झालेले असावे. कुस्ती जिंकून झाल्यावर कोणा मोठ्या नावाच्या मल्लासाठी नवी चाचणी काढणे म्हणजे माझ्या मते उघड लूट आहे, आणि हे मत मी सौम्य करणार नाही.

महाराष्ट्राला हे प्रकरण नरसिंग यादवमुळे ठाऊक आहे. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या या मल्लाने 2015 मध्ये लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत 74 किलोत कांस्यपदक जिंकून रिओची जागा मिळवली. सुशील कुमारची दोन्ही ऑलिम्पिक पदके 66 किलोतली होती. तो गट नव्या रचनेत बंद झाल्यामुळे तो 74 किलोत आला होता, आणि त्याने चाचणीची मागणी केली. दिल्ली उच्च न्यायालयाने जून 2016 मध्ये ती फेटाळली. पुढे उत्तेजक चाचणीचे प्रकरण उद्भवले, नरसिंगच्या जागी प्रवीण राणाचे नाव पाठवले गेले, मग नरसिंग पुन्हा संघात आला, आणि रिओत त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी क्रीडा लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. त्या गटात भारताचा कोणीच मल्ल मॅटवर उतरला नाही. त्या उत्तेजकाच्या भानगडीत मी पडत नाही. सुशीलला चाचणी नाकारली गेली ते योग्यच झाले, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता माझी गोष्ट, जी सांगितल्याशिवाय माझे म्हणणे आपल्याला पटणार नाही. 2008 सालची गोष्ट आहे. मी बावीस वर्षांचा होतो, पन्हाळा तालुक्यातून येऊन कोल्हापुरात तालमीत राहत होतो आणि 66 किलोत खेळत होतो. अंगाने मी सत्तर-एकाहत्तर किलोचा. राष्ट्रीय स्पर्धेसाठी राज्याच्या संघाची निवड चाचणी लागली, तेव्हा दोन आठवडे मी वजन उतरवत होतो. शेवटचे दोन दिवस पाणी बंद होते. दोन स्वेटर आणि वरून प्लॅस्टिकचे जाकीट घालून दुपारच्या उन्हात मैदानाला फेऱ्या मारल्या, आणि एसटीत लवंगा चघळत रिकाम्या बाटलीत थुंकत गेलो. शेजारच्या बाईंनी दोनदा जागा बदलली. संध्याकाळी काट्यावर 65 किलो 900 ग्रॅम भरले. दुसऱ्या दिवशी चार कुस्त्या झाल्या, चारही मी मारल्या, आणि फळ्यावर 66 किलोपुढे माझे नाव लागले. गावात आबांनी पेढे वाटले.

आठव्या दिवशी निरोप आला की परवा पुन्हा यायचे आहे. आमच्या गटातला एक नामवंत मल्ल खांद्याच्या दुखापतीमुळे चाचणीला आला नव्हता, तो आता बरा झाला होता, आणि 'राज्याचे पदक जाऊ नये म्हणून' माझी त्याच्याशी एकच कुस्ती ठेवली होती. ज्यांनी ती ठेवली त्यांची नावे मी घेत नाही. त्यांतले काही आज हयात नाहीत. मी त्या आठ दिवसांत जेवलो होतो, जे जिंकलेला प्रत्येक मल्ल करतो. वजन साडेसत्तर होते आणि हातात दोन दिवस होते. समोरचा अंगानेच सदुसष्ट किलोचा होता.

साडेचार किलो दोन दिवसांत कसे उतरवले ते सांगत नाही, कारण एखादा पोरगा वाचून तसेच करायचा. काट्यावर बसलो एवढे खरे. त्या काळी दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या असत आणि दोन जिंकणारा विजयी ठरे. पहिली फेरी मी एका गुणाने घेतली. दुसरीत त्याने मला तीन गुणांनी मागे टाकले. तिसरी शून्य-शून्य सुटली, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे पंचांनी कापडी पिशवीत हात घातला. ज्याच्या रंगाचा चेंडू निघेल त्याने समोरच्याचा एक पाय धरायचा आणि तिथून कुस्ती सुरू करायची, असा तो विचित्र नियम होता, आणि पुढे तो रद्द झाला हे बरेच झाले. माझा कॉस्च्युम निळा होता. पिशवीतून लाल चेंडू निघाला. त्याने माझा उजवा पाय उचलून छातीशी घेतला, शिट्टी झाली, आणि तीस सेकंद टिकायचे असताना मला दहासुद्धा टिकता आले नाही. डाव्या पायात उभे राहण्यापुरतेही बळ उरले नव्हते. पाठ मॅटला लागली नाही, पण गुण गेला आणि जागाही गेली.

तो राष्ट्रीय स्पर्धेला गेला आणि कांस्यपदक घेऊन आला. त्यामुळे निर्णय बरोबरच होता असे सगळे म्हणाले, आणि सगळ्यांत आधी म्हणाले ते माझे वस्ताद. तालमीच्या दारातल्या कट्ट्यावर बसून त्यांनी मला ऐकवले, "अंगात रग असती तर दुसऱ्यांदाबी मारला असतास की. जिंकणाऱ्याला तारीख लागत न्हाई." वस्ताद आज पंचाहत्तरीला आले आहेत. दर ऑलिम्पिकच्या सुमारास आमचा हाच वाद त्याच कट्ट्यावर पुन्हा होतो, आणि त्यांचा नातू हे उत्तर त्यांना वाचून दाखवील अशी माझी खात्री आहे.

म्हणून, वस्ताद, नीट ऐका. मातीतल्या जंगी कुस्तीत जिंकणाऱ्याला तारीख लागत नसेल, पण वजनी गटाच्या कुस्तीत लागते, कारण तिथे निम्मी कुस्ती काट्यावर होते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी शरीर त्या आकड्यावर आणणे हाही त्या खेळातला डाव आहे. पॅरिसमध्ये 50 किलोच्या गटात विनेश पहिल्या सकाळी 49.9 किलो भरली आणि तीन कुस्त्या जिंकली. दुसऱ्या सकाळी 100 ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम फेरीतून बाहेर गेली. त्याच पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकणारा अमन पुढच्या वर्षी झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत 1.7 किलोने जास्त भरला आणि न खेळता परतला. या दोघांत रग नव्हती, असे आपण म्हणणार आहात का? आठ दिवसांनी घेतलेली दुसरी चाचणी ही पहिल्या चाचणीची फेरतपासणी नसते. एकाचे शरीर नुकतेच पिळून निघालेले असते आणि दुसऱ्याचे विश्रांती घेऊन आलेले असते.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग राहिला. नावे पाठवण्याची अंतिम मुदत संपेपर्यंत देश आपला मल्ल बदलू शकतो. पॅरिससाठी ती 8 जुलै 2024 होती. त्यानंतर दुखापतीसारख्या ठोस कारणानेच, आयोजकांच्या परवानगीने आणि त्याच गटापुरता बदल होतो. एकदा मल्ल काट्यावर चढला की त्याच्या देशाचा दुसरा कोणी येऊ शकत नाही. विनेशच्या जागी अंतिम फेरीत उभी राहिली ती क्यूबाची युस्नेलिस गुझमन, जिला विनेशने उपांत्य फेरीत हरवले होते. पहिल्या दिवशी कुस्ती खेळताना दुखापत झाली तर दुसऱ्या दिवशीच्या वजनाला यावे लागत नाही आणि मिळवलेला निकाल कायम राहतो, ही सूट मात्र आहे.

देशाने जागा वापरली नाही किंवा कोणी उत्तेजकात सापडले, तर जागा त्या पात्रता स्पर्धेतल्या पुढच्या क्रमांकाकडे जाते. 2016 मध्ये किरगिझस्तानचा मल्ल आणि मंगोलियाची मल्ल उत्तेजकात सापडल्यामुळे आपले रवींदर खत्री आणि बबिता कुमारी अशाच वाटेने रिओला गेले. जागतिक आणि आशियाई स्पर्धांत प्रत्येक गटात देशाचा एक मल्ल जातो आणि तो देशातच निवडला जातो, त्यामुळे राखीव मल्लाचे खरे नशीब तिथे उघडते.

इथे मला माझ्याच म्हणण्याविरुद्ध दोन गोष्टी नोंदवणे भाग आहे. पहिली अंतिम पंघालची. 2023 च्या आशियाई स्पर्धेसाठी विनेशला चाचणीतून सूट मिळाली होती. अंतिमने 53 किलोची चाचणी जिंकली, तरी तिला राखीव ठेवले गेले. ती न्यायालयात गेली आणि हरली. नंतर विनेशचा गुडघा दुखावला, तिच्या जागी अंतिम हांगझोला गेली आणि कांस्यपदक घेऊन आली. म्हणजे चाचणी न घेणे हाही अन्याय असू शकतो, आणि नामवंतांना सूट देण्याला माझा तेवढाच विरोध आहे. पॅरिसच्या वेळी भारतीय कुस्ती संघटनेने आधी चाचणीचा नियम केला, मग मे 2024 मध्ये चाचणीच होणार नाही असे ठरवले. निर्णय माझ्या मताला सोयीचा होता, पण मधल्या काळात अमनच्या 57 किलोत रवी दहियासारखा टोकियोचा रौप्यपदक विजेता आणि 53 किलोतल्या मुली कशाच्या आशेवर सराव करत राहिल्या असतील, याचा विचार करावा.

दुसरी गोष्ट वस्तादांचा हुकमाचा पत्ता आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना 1952 च्या हेलसिंकीसाठी आधी डावलले गेले होते. पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली, ती त्यांनी जिंकली आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले, असा तो इतिहास आमच्याकडे सांगितला जातो. "फेरकुस्ती न्हवती तर खाशाबा बी न्हवता," असे वस्ताद म्हणतात आणि तंबाखू मळायला घेतात. त्यावर माझे उत्तर असे आहे की खाशाबा पहिल्या चाचणीत उतरले होते, गुणांत गडबड झाली अशी त्यांची तक्रार होती, आणि तक्रार करणारा हरलेला मल्ल होता. माझ्या वेळी पहिल्या निकालाबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. जो आलाच नाही त्याच्यासाठी दार उघडले गेले.

आपण शेवटी लिहिले आहे की आपला पुतण्या ज्युनियर गटात राज्याच्या संघाचा राखीव मल्ल आहे. त्याला सांगा की संघ परत येईपर्यंत वजन गटाच्या एक किलोच्या आत ठेवायचे आणि बॅग भरलेली ठेवायची. त्याने कधी चाचणी जिंकली, तर पंचांच्या सहीच्या निकालपत्रकाची प्रत त्याच दिवशी मागून घ्यायची, आणि पुन्हा चाचणी होणार आहे का हे लेखी विचारायचे. मार्च 2024 मध्ये पतियाळाच्या निवड चाचणीत विनेशने कुस्त्या सुरू होण्यापूर्वी लेखी हमी मागितली म्हणून लोकांनी तिला आडमुठी म्हटले, पण ती बरोबर होती. मी काहीच लेखी मागितले नव्हते. माझा निकाल फळ्यावर खडूने लिहिला होता, आणि आठ दिवसांनी मी पुन्हा तिथे गेलो तेव्हा त्या फळ्यावर कबड्डीचे वेळापत्रक होते.