एकशे ऐंशी लिटरांतून उरलेले दीड लिटर: लघवीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी इंदूरच्या रामबागेत राहणारा निवृत्त शिक्षक आहे. पहाटे उपाशीपोटी दोन लिटर पाणी एकदम प्यायल्याने मूत्रपिंडे धुऊन निघतात, असे ऐकून तसे करू लागलो. हे खरे आहे का?

उत्तर: मूत्रपिंडे वेगळी धुवावी लागत नाहीत, कारण आपण पाणी प्यालो नाही तरी त्यांच्यातून दर मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त वाहतच असते. प्रत्येक मूत्रपिंडात जवळपास १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नलिका, असतात. त्यांच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुच्छातून, रक्ताच्याच दाबाने, पाणी, क्षार, साखर आणि युरिया हा टाकाऊ पदार्थ गाळले जातात, तर रक्तपेशी आणि मोठी प्रथिने मागे राहतात. असे गाळलेले पाणी चोवीस तासांत सुमारे १८० लिटर भरते आणि त्यातून लघवी होते जेमतेम दीड लिटर. उरलेले सगळे नेफ्रॉनच्या नलिका पुन्हा रक्तात घेतात. मला स्वतःला मूत्रपिंडाचे खरे मोठेपण या परत घेण्यातच दिसते.

शेवटच्या टप्प्यात किती पाणी परत घ्यायचे, हे मेंदूतून येणारे एडीएच नावाचे संप्रेरक ठरवते. आपण एकदम दोन लिटर प्यालात की रक्त किंचित पातळ होते, हे संप्रेरक कमी होते आणि जास्तीचे पाणी तसेच बाहेर सोडले जाते. त्या पाण्याबरोबर जाणारा युरिया मात्र साधारण नेहमीइतकाच असतो. निरोगी मूत्रपिंडालाही तासाला सुमारे एक लिटरच पाणी बाहेर टाकता येते आणि त्याहून फार वेगाने प्यायल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून पाणी दिवसभरात विभागून, तहानेप्रमाणे प्यावे. मुतखडा होऊन गेला असेल तर अधिक प्यावे, आणि हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांनी घालून दिलेले प्रमाण पाळावे.

प्रश्न: मे महिन्यात स्कूटरवर फिरतीचे काम असते. संध्याकाळी लघवी गडद, थोडी आणि जळजळीत होते. आई म्हणते, उन्हाळी लागली, धने-जिऱ्याचे पाणी पी. तेवढे पुरेल का?

उत्तर: बहुतेक वेळा पुरेल, आणि त्यातला मुख्य गुण पाण्याचाच आहे. इंदुरात पारा चाळिशीपलीकडे गेला की घामावाटे पाणी जाते, एडीएच वाढते आणि मूत्रपिंडे लघवी रक्ताच्या चौपट घट्ट करू शकतात. पाणी पिऊनही दुसऱ्या दिवशी जळजळ राहिली, ताप आला किंवा लघवीतून रक्त गेले, तर लघवीची तपासणी करून घ्यावी.

प्रश्न: राजवाड्याजवळच्या कापडाच्या दुकानात मी काम करते. तिथे स्वच्छतागृह नसल्याने सात-आठ तास लघवी रोखते आणि पाणीही टाळते. तुंबलेली लघवी उलटी मूत्रपिंडात जाते का?

उत्तर: सहसा जात नाही. मूत्रपिंडांतून लघवी आणणाऱ्या मूत्रवाहिन्या मूत्राशयाच्या भिंतीतून तिरप्या आत येतात, त्यामुळे मूत्राशय भरत गेला की त्याच्याच दाबाने त्यांची तोंडे मिटतात. साधारण १५० ते २०० मिलिलिटर लघवी साठली की पहिली जाणीव होते. ४०० ते ५०० मिलिलिटरपर्यंत मूत्राशयाची भिंत सैल पडून जागा करून देते, आणि बाहेरचा स्नायू आपल्या इच्छेने आवळलेला राहतो. सोय मिळताच मेंदू परवानगी देतो, हा स्नायू सैल होतो आणि मूत्राशय आकुंचन पावतो.

आपल्याला खरा धोका जंतुसंसर्गाचा आहे. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असल्याने जंतू सहज वर चढतात, आणि लघवीचा प्रवाह त्यांना धुऊन काढतो, तोच आपण दोन्ही बाजूंनी थांबवत आहात. पाणी टाळणे आजच सोडा. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या स्त्रीला स्वच्छतागृह देणे ही मालकाची जबाबदारी आहे. शेजारच्या दुकानांतील मैत्रिणींसह ही मागणी अवश्य करा.

प्रश्न: वय ६८. रात्री तीनदा उठावे लागते. हे वयाचेच समजावे का?

उत्तर: आधी मोजावे. तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मापाच्या भांड्यात मोजून वेळेसह लिहून ठेवा. चोवीस तासांच्या लघवीपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक रात्रीच होत असेल, तर मूत्राशयाला दोष देण्याचे कारण नाही, त्या वेळी लघवीच जास्त तयार होते आहे. दिवसा पायांवर उतरलेली सूज आडवे झाल्यावर रक्तात परतते, रात्री उशिरा खाल्लेले खारे शेव-फरसाण तहान वाढवते, किंवा रक्तातील साखर वाढलेली असते. लघवीची गोळी चालू असल्यास ती स्वतः बंद न करता, तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. उलट प्रत्येक वेळी थोडीच होत असेल, धार बारीक असेल आणि पुन्हा लगेच जावेसे वाटत असेल, तर पुरुषांत मूत्राशयाखाली असलेल्या प्रोस्टेट ग्रंथीची तपासणी हवी. ओटीपोट फुगून लघवी अजिबातच होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे, कारण तेव्हा नळी घालून मूत्राशय रिकामा करावा लागतो.