पोरांना कोडचं लायसन्स शिकवताना
अरे, कोडिंग शिकणाऱ्या पोरांना लायसन्स, म्हणजे आपला कोड इतरांनी कसा वापरायचा याची परवानगी, कशी समजवायची विचारतोस ना, तर पहिल्याच दिवशी कॉपीराइटचा बागुलबुवा उभा करू नकोस, पोरं कोड लिहायचंच सोडतील. आधी गेम बनवू दे, फक्त कुठला तुकडा कुठून घेतला ते कोडच्या वर कमेंटमध्ये, म्हणजे कोडमधल्या टिपेत, टाकायची सवय लाव. स्क्रॅच या पोरांच्या कोडिंगच्या साइटवर बघ, रीमिक्स केलं, म्हणजे दुसऱ्याचा प्रोजेक्ट घेऊन बदलला, की मूळ प्रोजेक्टचं क्रेडिट आपोआप दिसतं, तिथूनच विषय काढ. मग पोराला विचार, तुझा गेम कोणी घेतला तर तुला काय आवडेल? माझं नाव तसंच राहू देऊन काहीही करा म्हणाला तर एमआयटी नावाचं लायसन्स, बदलून वाटणाऱ्यानेही कोड खुला ठेवावा वाटत असेल तर जीपीएल नावाचं. आणि हो, कोडसोबत लायसन्सची फाइलच नाही म्हणजे फुकट घ्या असं नसतं बरं, उलट सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात, मला स्वतःलाच हे फार उशिरा कळलं.