कणकुंबीच्या बाजूला रविवारच्या फेऱ्या काढायच्या तर

कणकुंबीजवळच्या तुमच्या गावातून दर रविवारी बेळगावच्या लोकांना रानात फिरवून आणायचं तुम्ही चौघांनी ठरवलंय. फेऱ्या तीन : 3, 8 आणि 16 किलोमीटर. अंतरं बरोबर आहेत का, पावसाळ्यात चालू ठेवावं का आणि पैशाचं कसं, असं विचारलंय. खानापूर भागात वर्षानुवर्षं गट घेऊन हिंडतोय, त्या हिशेबानं सांगतो.

3 ची ठेवा, 8 ची ठेवा, 16 ची सध्या काढून टाका.

तुम्ही गावची पोरं. गप्पा मारत तासाला पाच किलोमीटर सहज तोडता. वीस माणसांचा गट अडीचच्या वर जात नाही, मग त्यातले निम्मे रोज रेसकोर्सला चालायला जाणारे का असेनात. ओढ्यावरचा दोन ओंडक्यांचा साकव घ्या. तुम्ही तो चार ढांगांत पार करता. गट आला की पहिला बुटाचा तळ बघतो, दुसरीला नवऱ्याचा हात पाहिजे, तिसरा मधोमध उभा राहून फोटो काढून घेतो. शेवटचा माणूस पलीकडे पोचेतो पुढच्यांनी बिस्किटाचा पुडा संपवलेला असतो. एका साकवाला दहा मिनिटं गेली. म्हणजे 16 किलोमीटरला नुसत्या चालण्याचेच साडेसहा तास, त्यावर जेवण, पाणी आणि असले साकव. बेळगावहून येऊन माणसं चालायला लागेपर्यंत नऊ वाजतातच. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, दाट झाडीत त्याआधीच काळोख पडतो, आणि अस्वल बाहेर पडायची वेळ तीच.

8 ची फेरी एकसलग आखू नका. 3 ची एक आणि 5 ची एक, अशा दोन फेऱ्या करा आणि दोन्ही गावात येऊन मिळू देत. पहिली संपवून सगळे देवळापाशी येतील, ज्यांचे पाय दुखतात ते तिथंच बसतील, उरलेले दुसरीला निघतील. कुणाला ओशाळं व्हायला नको, आणि मधल्या रानात एखाद्याचा गुडघा धरला म्हणून अख्खा गट अडकायला नको. जेवणही गावातच, डबे वाहायचं काम नाही. हात बसला की तिसरी 4 ची जोडा, 12 ची फेरी तयार. पुढं एक, मागं एक, हे तर पाहिजेच. मागच्यानं कुणाच्याही पुढं जायचं नाही, आणि प्रत्येक ओढ्यापलीकडे डोकी मोजायची.

दाखवायला तुमच्याकडे काय आहे म्हणून विचारता? मलप्रभा कणकुंबीत उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेत मिसळते. जवळच्याच कळसा नाल्याचं पाणी मात्र म्हादईतून गोव्याला, अरबी समुद्रात. दोन समुद्रांची पाणी जिथं वेगळी होतात तो माळ छोट्या फेरीत बसवता आला तर बसवाच. (हे पाणी मलप्रभेत वळवायच्या कळसा-भांडुरा योजनेवरून गटात वाद पेटला की चहाचं नाव काढायचं.)

पावसाळ्यात बंद. तुमच्याकडचा पाऊस मी सांगायला नको, ओढा तासाभरात चढतो. वनखातंही त्या दिवसांत धबधब्यांच्या वाटा अडवतं. शिवाय लावणीच्या दिवसांत वीस जोडी पाय खाचराच्या ओल्या बांधावरून गेले की बांध फुटतो, शेतकऱ्याचं पाणी जातं, आणि पुढच्या रविवारी त्या पाणंदीत काटे पडलेले दिसतात. दिवाळीनंतर सुगी आटोपू दे, मग प्रत्येक मालकाला घरी जाऊन विचारा.

उन्हाळ्यात गोचिडांचं बघा. शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्गात गोचिडांमुळे होणारा माकडताप झालेला आहे. पूर्ण बाह्या, पायमोज्यात खोचलेली पँट आणि पालापाचोळ्यात बसायचं नाही, एवढं निघतानाच सांगा. वाटेत मेलेलं माकड दिसलं तर गट मागं फिरवा आणि आरोग्य केंद्राला कळवा.

भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. कुणीतरी तिथल्या बारापेडे गुहेचा हट्ट धरणारच. तिथलं रॉटनचं वटवाघूळ जगात मोजक्याच ठिकाणी सापडतं. वीस जणांचा गोंगाट आणि बॅटऱ्या तिथं नकोतच. सरळ नाही म्हणा.

पैशाचं म्हणाल तर चालण्याचे वेगळे आणि जेवणाचे वेगळे सांगा. जेवणाचे ज्या बाया रांधतात त्यांच्या हातात थेट जाऊ देत, तुमच्या हिशेबात मिसळू नका. निम्मे शुक्रवारपर्यंत आगाऊ घ्या. नाहीतर तीस जणांच्या भाकऱ्या थापून ठेवायच्या आणि यायचे अकरा.