लष्करी युनिमॉगचा बॅकहो काढण्याआधी

लष्करी युनिमॉग विकत घेतलास, अभिनंदन! एफएलयू-४१९ हे अमेरिकी लष्कराचं यंत्र म्हणजे मुळात युनिमॉगच, मर्सिडीजचा चारही चाकांना जोर मिळणारा ट्रक: सहा सिलिंडरचं ओएम-३५२ डिझेल इंजिन, पुढे माती उचलणारा लोडर, मागे बॅकहो, म्हणजे खोदायचा हात. आल्या आल्या तू बॅकहो उतरवायच्या गोष्टी करतोयस, जरा दमानं घे.

आधी बकेट आणि बूम (बॅकहोचा मुख्य दांडा) जमिनीवर टेकव, इंजिन बंद कर आणि सगळे लिव्हर पुढेमागे हलवून होजमधला (तेलाच्या नळ्यांमधला) दाब सोड. दाब राहिला तर कपलर, म्हणजे होजचा जोड, निघता निघत नाही, आणि निघालाच तर परत बसत नाही. सुटलेल्या टोकांना लगेच टोप्या घाल; कचरा आत गेला की व्हॉल्व्हची वाट लागते. बॅकहो अडकवणाऱ्या पिनची भोकं जुळली का, हे बोट घालून कधीही बघायचं नाही. पहार कशाला असते? गळती शोधतानाही हात नको, पुठ्ठ्याचा तुकडा फिरव. तेलाचा बारीक फवारा कातडीत घुसला तर दुखत नसलं तरी थेट हॉस्पिटल गाठ.

बॅकहो गेला की मागचं वजनही गेलं. मग भरलेली बकेट उंच उचललीस की मागची चाकं हलकी होतात, उतारावर तर फारच वाईट. मागे वजन लावल्याशिवाय लोडर चालवू नकोस.

बाकी, चारही चाकांजवळच्या पोर्टल गिअरचं (प्रत्येक चाकाच्या वेगळ्या गिअरपेटीचं) तेल वेगवेगळं तपास. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. वायरिंग २४ व्होल्टचं आहे. रेडिओसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घे म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस, कन्व्हर्टर लाव.