आधी तिथे कोण होते?

अनेक आशीर्वाद.

कोकणातल्या त्या गरम पाण्याच्या कुंडाखालच्या ओढ्यात तुला गप्पी आणि स्वोर्डटेल हे टाक्यांत पाळले जाणारे परदेशी मासे दिसले, त्यांत पोटुशा माद्या होत्या आणि काठाच्या शेवाळात नुकती जन्मलेली पिल्लेही होती, हे तू ज्या उत्साहाने लिहिले आहेस तो मला परका नाही. शेपटीकडच्या बाजूला पोटावर दिसणारा तो काळपट डाग पाहून मादी गाभण आहे हे तू जागेवरच ओळखलेस, याचेही कौतुक वाटले. पण पत्राच्या शेवटी तू विचारतेस की इतक्या पिढ्या तिथेच जन्मल्यावर हे पाणी आता त्यांचेच झाले ना, आणि तसे असेल तर त्यांना काढून टाका असे प्रबंधात लिहिण्याचा आपल्याला काय अधिकार. याचे उत्तर एका शब्दात देता आले असते. मात्र सोबत पाठवलेली रूपरेषा वाचली आणि लक्षात आले की गोंधळ त्या प्रश्नाच्याही आधी झालेला आहे. मासे किती, किती लांबीचे, किती तापमानाच्या पाण्यात, नर किती, माद्या किती, सगळे रकाने आहेत. हे मासे येण्यापूर्वी त्या ओढ्यात कोण होते, हा रकानाच नाही.

बॅन्फचे उदाहरण तूच दिले आहेस, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. कॅनडाचे पहिले राष्ट्रीय उद्यान ज्या गरम झऱ्यांभोवती उभे राहिले, तेच हे झरे. 1885 मध्ये सरकारने ती जागा राखीव केली. बाहेर पारा उणे तीसपर्यंत उतरलेला असताना झऱ्याखालच्या वाफाळत्या दलदलीत पश्चिम आफ्रिकेतले लालभडक ज्वेल सिक्लिड आपल्या पिल्लांभोवती पहारा देतात, हे चित्र तुला भुरळ घालते, आणि चित्र खोटे नाही. मुलगी कॅलगरीला असते, त्यामुळे मलाही ती जागा पाहायला मिळाली. पण मी तिथे लाकडी मार्गावर वाकून उभा राहिलो तो माशांसाठी नव्हे. लिंबाच्या बीएवढी एक गोगलगाय तिथे पाण्याच्या अगदी पृष्ठभागाजवळ, तरंगत्या शेवाळावर आणि जिवाणूंच्या पांढुरक्या थरावर चरत असते. शंखाचे टोक वर धरले तर तोंड डावीकडे येते, उजवीकडे नाही. गंधकाचा वास मारणाऱ्या, प्राणवायू जेमतेम असलेल्या पाण्यात ती राहते आणि त्या एका डोंगराच्या झऱ्यांखेरीज जगात कुठेही नाही. हात बुडवू नका, अशी तिथे ताकीद असते, कारण अंगाला लावलेले मलम किंवा डास पळवणारे औषधसुद्धा तिच्या पाण्यात उतरू नये. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या कुटुंबाला ती दिसलीच नाही. त्यांची मुले मासे दाखवत होती.

आता त्या दलदलीचा हिशेब पाहा. 1924 मध्ये डासांच्या बंदोबस्तासाठी तिथे गॅम्बुशिया हे अळ्या खाणारे छोटे मासे मुद्दाम सोडण्यात आले. 1960 च्या दशकापासून घरातल्या टाक्यांना कंटाळलेल्या लोकांनी आपापले मासे आणून ओतले: एंजल, फायटर, गुरामी, गप्पी, स्वोर्डटेल, मोली, सिक्लिड. बरेचसे टिकले नाहीत. गॅम्बुशिया, सेलफिन मोली आणि ज्वेल सिक्लिड यांनी मात्र बस्तान बसवले. त्याच दलदलीत डेस जातीच्या माशाची एक उपजात होती, लहानशी, करडी, कुणी वळून पाहू नये अशी. ती फक्त तिथेच होती. 1987 मध्ये ती नामशेष झाल्याचे जाहीर झाले. सगळे पाप टाकीतल्या माशांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. जलतरण तलावाचे क्लोरीनयुक्त पाणी त्या दलदलीत जात होते, आणि नदीतल्या भाऊबंदांशी संकर होऊन तिचे वेगळेपणही पुसले जात होते. पण बाहेरून आलेल्या माशांनी तिचे अन्न खाल्ले, जागा घेतली, पिल्ले गिळली, यात शंका घेण्याजोगे काही नाही. तुझ्या रूपरेषेप्रमाणे आज कुणी बॅन्फला अभ्यासाला गेला, तर त्याला तीन यशस्वी जाती सापडतील आणि तो अनुकूलनावर सुरेख प्रबंध लिहील. डेसचे नावही त्यात येणार नाही, कारण जो नाही तो जाळ्यात सापडत नाही.

म्हणून सांगतो, आधी तिथे कोण होते ते विचार. जाळे पाण्यात टाकण्याआधी विचार.

मोली, गप्पी, स्वोर्डटेल हेच सगळीकडे का टिकतात, यावर तू दोन पाने लिहिणार आहेस. अर्धे पान पुरे. ते अंडी न घालता जिवंत पिल्ले देतात, त्यामुळे अंड्यांसाठी विशिष्ट जागा लागत नाही, आणि मादी नराचे शुक्राणू महिनोन्‌महिने साठवून ठेवू शकते. एकटी गाभण मादी ओढ्यात पडली तरी वसाहत उभी राहते. सिक्लिडचा मार्ग वेगळा, पण तितकाच खात्रीचा. कॉन्व्हिक्ट सिक्लिड बोटभर लांबीचा. नर-मादी दोघेही कपारीतली अंडी आणि पुढे पिल्लांचा घोळका राखतात आणि जवळ येणाऱ्याला, तो कितीही मोठा असो, हुसकावून लावतात. झऱ्याचे पाणी बारमाही एकाच तापमानाचे असल्याने या दोन्ही युक्त्या बारा महिने चालतात. मात्र ज्या स्थैर्याने पाहुण्यांचे फावते, त्याच स्थैर्याने हजारो वर्षांत मूळच्या जीवांना त्या एका डबक्याशी जखडून टाकलेले असते. गप्पीला जगभरच्या टाक्या आहेत. नेवाडातल्या ॲश स्प्रिंग्जमधल्या स्प्रिंगफिशच्या उपजातीला तसले मोजकेच पाणी आहे. तिथे कॉन्व्हिक्ट आणि मोली पोहोचले, आणि ती उपजात 1985 पासून संकटग्रस्तांच्या यादीत आहे. ऑस्ट्रियात फिलाखजवळच्या गरम ओढ्यातही गप्पी आणि सिक्लिड आहेत. गोष्ट सगळीकडे तीच असल्याने उदाहरणे वाढवण्यात अर्थ नाही.

कोकणाची गोष्ट मात्र तीच नाही, आणि हा मुद्दा तुझ्या रूपरेषेतून पूर्णपणे निसटला आहे. बॅन्फमध्ये थंडी ही भिंत आहे. झऱ्यापासून थोडे खाली गेले की पाणी थंडावते आणि उष्ण कटिबंधातला मासा तिथेच अडतो. वायोमिंगमधल्या केली वॉर्म स्प्रिंगमध्ये ही भिंतही अपुरी वाटू लागली, कारण तिथे सोडलेल्यांत गोल्डफिशही होते आणि त्यांना थंडीचे काही वाटत नाही. पाणी पुढे स्नेक नदीच्या खोऱ्यात जाते, जिथे मूळचे ट्राउट आहेत. अखेर 2018 मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने त्या झऱ्यावर रोटेनोन या मासे मारणाऱ्या विषाचा प्रयोग केला. आपल्याकडे अकलोली-गणेशपुरीपासून तुरळ-राजवाडीपर्यंत झऱ्यांची जी रांग आहे, तिथे उलटे आहे. उगमाशी पाणी इतके कढत असते की कुठलाच मासा तिथे फिरकत नाही, आणि खाली ते निवते तेव्हा भोवतालचा प्रत्येक ओढा, तळे, भाताचे खाचर गप्पीला मानवेल इतके उबदार असतेच. गप्पीला कोकणात जगायला गरम झरा लागतच नाही. पावसाळ्यात ओढे एकमेकांत मिसळले की त्याला कोण अडवणार? तेव्हा 'कुंडातली वसाहत' असे शीर्षक देऊन दोनशे पावलांत अभ्यास संपवू नकोस. खाली नदीपर्यंत जा, आणि शेजारच्या, गरम पाण्याशी काही संबंध नसलेल्या ओढ्यातही तेच जाळे टाक. तुलनेवाचून तुझ्या आकड्यांना अर्थ नाही.

तुझा दुसरा आक्षेप असा की गप्पी तर आरोग्य खातेच वाटते. बरोबर आहे. गप्पी भारतात 1908 मध्ये आले, गॅम्बुशिया 1928 मध्ये, आणि हिवतापाच्या नावाने ते विहिरी-गटारांत सोडले गेले. बांधकामाच्या बंद टाकीत गप्पी सोडायला माझी हरकत नाही. वाहत्या पाण्यात सोडायला आहे, आणि ती मरेपर्यंत राहील. आपल्या ओढ्यांत, डोक्यावर चकाकता ठिपका असलेला ॲप्लोकायलस हा देशी मासा पृष्ठभागाशी तरंगत डासांच्या अळ्या आधीपासूनच खात होता. त्याला कुणी पगारही दिला नाही आणि त्याची नोंदही घेतली नाही.

याच मुद्द्यावर माझा एक जुना स्नेही मला दुरावला. आम्ही दोघांनी मिळून टाक्या बांधल्या होत्या, माशांच्या जोड्यांची देवाणघेवाण केली होती. गावात तापाची साथ आली तेव्हा त्याने गावकीच्या कुंडाखालच्या ओढ्यात बादलीभर गप्पी सोडले, आणि मी त्याला चारचौघांत खडसावले. त्याचा हेतू चांगला होता हे मला तेव्हाही कळत होते. पुढे तो बोलेनासा झाला, आणि आता बोलण्याची सोय राहिलेली नाही. ही खंत माझ्या मनातून जात नाही. पण तू मला विचारशील की आज तसेच घडले तर काय कराल, तर मी तेच म्हणेन. आवाज कदाचित खाली आणीन, तेही सांगवत नाही. लोक म्हणतात हा माणूस मूठभर माशांसाठी माणसे तोडतो. तोडली असतील; पण माझ्या बाजूने बोलायला निदान मी होतो. त्या ओढ्यात आधी जे होते त्यांच्या बाजूने बोलणारे त्या दिवशी दुसरे कोणी नव्हते. असो. हे समर्थन झाले, आणि तू ते मागितले नव्हतेस.

'माशांचा यात काय गुन्हा' हे वाक्य मात्र प्रबंधातून काढून टाक. गुन्हा माशांचा नाहीच. त्यांना हवेचा पंप आणि खाद्य देऊन वाढवणाऱ्या आणि मग घर बदलताना ओढ्यात ओतणाऱ्या आपल्यासारख्यांचा आहे. रोटेनोनही निर्दोष नाही. आपल्याकडे गेळाची फळे ठेचून मासे गुंगवतात तसलेच ते एक वनस्पतीजन्य विष आहे. ते माशाच्या पेशींचे श्वसन बंद पाडते आणि पाण्यातल्या किड्यांनाही सोडत नाही. म्हणून मासे काढावेत की नाही, याचा निवाडा तू आत्ताच करावास असे मी म्हणत नाही. आधी तिथे कोण होते हे कळल्याशिवाय तो निवाडा करताच येत नाही, एवढेच म्हणतो. कुणाला वाचवायचे हे माहीत नसताना कुणाला काढायचे हे कसे ठरवणार?

ते कळण्याचे मार्ग आहेत. कुंडावर धुणे धुणाऱ्या बायकांशी बोल; लहानपणी परकराच्या ओच्यात कोणते मासे धरले, ते त्यांना आठवते, आणि त्यांची नावे तुझ्या पुस्तकातल्या नावांपेक्षा नेमकी असतात. जिल्ह्याची जुनी गॅझेटिअर्स चाळ, संग्रहालयांतल्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाच. ज्या शेजारच्या ओढ्यात गप्पी अजून पोहोचलेला नाही, तो शोध, कारण तुझ्या ओढ्याचा भूतकाळ बहुधा तिथेच पोहत असेल. गोगलगायी, खेकडे, चतुरांच्या अळ्या मोज. मासाच मोजायचा अशी शपथ कुणी घातलेली नाही.

मार्गदर्शकांशी वाद घालू नकोस. त्यांना 'अनुकूलन' हवे आहे, तर ते प्रकरण राहू दे. त्याच्या आधी एक प्रकरण घाल आणि पहिला तक्ता त्याचा असू दे. तो तयार झाला की मला पाठव, मासे मोजलेले तक्ते त्यानंतर पाहीन.

आणि वसतिगृह सोडताना तुझ्या टाकीतल्या मोलींचे काय करायचे, हे तू पत्राच्या शेवटी कंसात लिहिले आहेस. माझ्याकडे मोठी टाकी रिकामी आहे. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा भर, आदल्या दिवशी खाद्य देऊ नकोस, आणि रविवारी सकाळच्या गाडीने घेऊन ये.

तुझा,
सर