डिलक्स रिव्हर्बचा बेस घट्ट करायला ०.१ चा कॅपॅसिटर ०.०२२ करावा का?

तुमचा गिटारचा अँप फेंडर डिलक्स रिव्हर्ब, सर्किट एबी७६३. व्हॉल्यूम ५ च्या पुढे नेला की जाड तारा फडफडतात, म्हणून टोन सर्किटमधला बेसचा ०.१ मायक्रोफॅरड बदलायचा म्हणताय.

नका बदलू. हा सल्ला जो तो देतो, गणित कुणी करत नाही. बेस किती हर्ट्झच्या खाली गळायला लागेल हे तो कॅपॅसिटर आणि २५० के पॉट (बेसच्या नॉबमागचा फिरता रोध) यांच्या गुणाकारावर ठरतं. कॅपॅसिटर साडेचारपट लहान केला म्हणजे जवळपास पॉटचा रोध तेवढा कमी केला, म्हणजेच नॉब खाली आणला. आणि नॉब १० वर असेल तर ०.०२२ सुद्धा सहाव्या तारेचे ८२ हर्ट्झ जवळजवळ जसेच्या तसे सोडतो. तेव्हा आधी नॉब २ वर ठेवून वाजवा. त्याला सोल्डरिंग गन लागत नाही.

तेवढ्यानं भागलं नाही तर वाल्व्हच्या कॅथोडकडे (त्याच्या ऋण टोकाकडे) वळा. व्हायब्रॅटो चॅनलच्या व्ही२ वाल्व्हच्या ३ नंबरच्या पिनवर १.५ के रेझिस्टर आणि त्याला समांतर २५ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असतो. तो सगळाच बेस पूर्ण गेनने पुढे ढकलतो आणि शेवटचे दोन ६व्ही६ पॉवर वाल्व्ह त्या ओझ्याखाली आधी क्लिप होतात, म्हणजे लहरींची टोकं कापली जातात. तिथे १ मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा फिल्म कॅपॅसिटर लावा. ८२ हर्ट्झला साधारण ४ डेसिबल उतरतात, २०० ला जेमतेम २. ०.६८ लावलात तर खालचा मिड जास्त पातळ होतो, बेसमध्ये फारसा फायदा नाही.

प्लग काढा, स्टँडबाय स्विच वाजवण्याच्या बाजूला ठेवा, व्ही१ च्या १ नंबरच्या पिनपासून चॅसिसला क्लिपची वायर जोडून मिनिटभर थांबा, मग फिल्टर कॅपॅसिटरवर (पुरवठ्याचा डीसी सपाट करणारे मोठे कॅपॅसिटर) मीटर लावून पाहा. आत ४०० व्होल्टच्या वर असतात, अंदाजावर हात घालू नका. २५ च्या कॅपॅसिटरचं एकच टोक सोल्डरचा डाग काढून उचला, म्हणजे परत फिरता येईल. रेझिस्टर हलवू नका. तो तसाच राहिला की डीसी बदलत नाही, बायसला (वाल्व्हच्या स्थिर प्रवाहाच्या सेटिंगला) हात लावावा लागत नाही. छापील बोर्डाच्या रीइश्यूत (नव्याने काढलेल्या आवृत्तीत) डाग जास्त तापवला की तांब्याचा पॅड उचकटतो.

बेस उतरला की ट्रेबल टोचायला लागेल. व्हॉल्यूम पॉटवरच्या, ट्रेबल वाढवणाऱ्या ४७ पिकोफॅरडच्या कॅपॅसिटरचं एक टोक सोडवून ऐका.

आणि "महागडा कॅपॅसिटर लावला की बेस घट्ट होतो" म्हणणाऱ्यांना सांगा, मायक्रोफॅरडचा आकडा तोच असेल तर बेस तिथेच राहतो.

मात्र अँप १९६० च्या दशकातला असेल आणि १६ मायक्रोफॅरडचे मूळ फिल्टर कॅपॅसिटर अजून आत असतील, तर हे सगळं थांबवून आधी ते बदला. सुकलेल्या फिल्टरचा बेसही असाच फडफडतो. नवे घालताना जीझेड३४ या एसीचं डीसी करणाऱ्या वाल्व्हच्या पुढच्या पहिल्या टप्प्यात एकूण ६० मायक्रोफॅरड ओलांडू नका, वाल्व्ह जातो.